नाणेघाटांतील गाई आणि जुन्नर-आंबेगांवचा गोठा

जुन्नरच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्यावरून कोंकणांत उतरणाऱ्या नाणेघाटाच्या तोंडाशीं जें लेणें आहे, त्यांतील ब्राह्मी लेख इतिहासाभ्यासकांस सुपरिचित आहे. सातवाहन राणी नागनिका हिचा म्हणून तो ओळखला जातो; इ. स. १८८३ मध्यें ब्यूलर ह्यांनीं त्याचें वाचन प्रसिद्ध केलें. राजसूय, अश्वमेध इत्यादि यज्ञ व त्यांत दिलेल्या दक्षिणा ह्यांची त्यांत यादी आहे. एका यज्ञाची दक्षिणा ११,००० गाई व १,००० घोडे; दुसऱ्या एकाची १,७०० गाई व १० हत्ती; कार्षापणांच्या राशी निराळ्याच.

अध्यापन करीत असतां ही यादी आम्ही वर्गांत पुष्कळ वर्षें मोठ्या अभिमानानें सांगत असूं. एके वर्षीं डोंगराकडील एका मुलानें उठून विचारलें, "गुर्जी, एवढ्या गाई पावसाळ्यांत बांधल्या कुठं?" वर्ग हंसला, आम्हीही हंसलों आणि पुढील धड्याकडे वळलों. उत्तर आम्हांस येत नव्हतें, हें त्याचें खरें कारण. सेवानिवृत्तीनंतर तो प्रश्न पुन्हां मनांत घोळूं लागला. त्याचें यथामति उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम आंकड्यांविषयीं. श्रौत यज्ञांत दक्षिणेच्या संख्या विधीनें ठरलेल्या असतात; शत, सहस्र ह्या संख्या तेथें वारंवार येतात. तेव्हां लेखांतील संख्या म्हणजे गुरांची खानेसुमारी नव्हे, हें उघड आहे. तथापि त्या केवळ अतिशयोक्ति म्हणून टाकून देणेंही योग्य नाहीं. कोंकण व देश ह्यांमधील व्यापाराच्या वाटेवर, येणाराजाणारास दिसेल अशा जागीं, राजकुळानें आपलें वैभव गाईंच्या संख्येनें मोजून कोरविलें. गोधन हें ऐश्वर्याचें मान्य परिमाण होतें, एवढें तरी त्यावरून निश्चित होतें. जुन्नरच्या इतर लेण्यांतील लेखांत धान्यविक्रेते, वेळूकाम करणारे व कांसार ह्यांच्या श्रेणी आढळतात. परंतु दान दिलेल्या गाई ज्यानें राखल्या, त्याचा नाणेघाटच्या लेखाच्या वाचतां येणाऱ्या भागांत उल्लेख नाहीं.

आतां भूमीकडे वळूं. जुन्नर व आंबेगांव ह्या तालुक्यांची पश्चिम कड घाटमाथ्याची. तेथें पाऊस मुसळधार पडतो. पंधरा-वीस कोस पूर्वेस गेलें कीं तोच पाऊस दुर्मिळ होतो. आषाढ-श्रावणांत माथ्यावर दिवस दिवस धुकें हटत नाहीं, वारा झोंबतो, आणि ती ओली थंडी पौषांतील कोरड्या थंडीहूनही जनावरांस बाधते. म्हणून डोंगरांतील महादेव कोळ्याच्या जुन्या घरांत गोठा निराळा नसे. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर माळ्यावर पेंढा व सरपण, एका अंगास चूल आणि दुसऱ्या अंगास दावण. चुलीच्या उबेनें माणसांचें व गुरांचें एकदमच भागे. धुरानें डांस-माशाही दूर राहत. जुन्नरच्या उत्तरेस लागून असलेल्या अकोले तालुक्यांत जी डांगी गुरें प्रसिद्ध आहेत, त्यांचे खूर काळे व टणक, आणि कातडी तेलकट. पावसाचें पाणी तीवरून ओघळून जातें. असें जनावर व असें घर ह्या दोहोंचा मेळ बसला, तेव्हांच माथ्यावर गुरें टिकलीं. मेंढरांस ही ओल मुळींच सोसत नाहीं. म्हणून धनगर पावसाळा पूर्वेकडील कोरड्या रानांत काढतो व दिवाळीच्या सुमारास कोंकणाची वाट धरतो.

अशा घरांत किती गुरें मावणार? दोन बैल, एखाद-दुसरी गाय, वासरूं. तेव्हां हजारों गाई एका जागीं बांधणें ह्या प्रांतांत कोणाही राजास शक्य नव्हतें, असें आमचें मत आहे. राजाचें गोधन वस्तुतः शेंकडों घरांच्या दावणींस विखुरलेलें असलें पाहिजे.

कौटिलीय अर्थशास्त्रांतील गोध्यक्षाचें प्रकरण ह्या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे. दर शंभर गाईंमागें गोपाल, म्हशी राखणारा, दोहणारा, ताक घुसळणारा व लुब्धक म्हणजे शिकारी असे पांच जण नेमावे, असें तेथें सांगितलें आहे. साप व श्वापदें भ्यावीं आणि गुरें कोठें चरतात तें कळावें, म्हणून भित्र्या जनावरांच्या गळ्यांत घंटा बांधावी. वर्षा, शरद् व हेमंत ह्या ऋतूंत दोन वेळां धार काढावी. शिशिर, वसंत व ग्रीष्मांत एकदांच. ह्या ऋतूंत जो दुसऱ्यांदा काढील त्याचा आंगठा तोडावा. शिक्षा क्रूर खरी. पण चारा वाळूं लागला म्हणजे दुधावर पहिला हक्क वासराचा, हें तत्त्व तीमागें दिसतें.

ह्या नियमांतील लुब्धक आमच्या डोंगरांतल्या गरिबास कोठून मिळणार? त्यानें दुसरा उपाय केला. आश्विन वद्य द्वादशीस देशावर वसुबारस होते, सवत्स धेनूची पूजा होते. त्याच दिवशीं डोंगरांत वाघबारस असते. वाघोबाच्या दगडास शेंदूर लावून, नैवेद्य दाखवून, गुरांस राख अशी विनवणी केली जाते. तिथि एक, चिंता एक. देशावर गाईस पुजतात, डोंगरांत तिच्या वैऱ्यास.

उत्तरकाळींही इतिहासानें जनावर मोजलें तें बहुधा दानांत किंवा लुटींत. इ. स. १६५७ मध्यें शिवछत्रपतींनीं जुन्नर मारिलें तेव्हां दोनशें घोडे हातीं आले, असें सभासद सांगतो. ते घोडे कोणी वाढविले, हें सांगण्याचें त्यास कारण नव्हतें. ह्यास एक सुंदर अपवाद जुन्नर तालुक्यांतच आहे. ज्ञानेश्वरांनीं ज्या रेड्याच्या मुखें वेद वदविले अशी परंपरा आहे, त्याची समाधि आळे गांवीं दाखवितात. त्याच्यापुढें आजही माणसें हात जोडतात.

गेल्या अर्धशतकांत ह्या प्रांताचें रूप पालटलें. कुकडी प्रकल्पाचीं धरणें झालीं. ज्या आंबेगांवावरून तालुक्यास नांव पडलें तें मूळ गांवच डिंभें धरणाच्या जलाशयांत गेलें. पाण्यामागून ऊंस आला आणि उंसांत बिबट्या राहूं लागला. इ. स. २००१ च्या सुमारास जुन्नर वनविभागांत त्याचे माणसांवरील हल्ले एकाएकी वाढले. धरलेल्या बिबट्यांसाठीं माणिकडोह येथें निवारा केंद्र आहे. शेतांतील वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबास आज पुन्हां गोठ्यास दार व जाळी लावावी लागते. माथ्यावरील कोळ्यानें गुरें घरांत कां घेतलीं, हें त्यास आतां निराळें समजावून सांगावें लागत नाहीं.

त्या मुलास आज आम्ही सांगूं: बाळा, त्या गाई तुझ्या घरांतच बांधल्या होत्या; दोन तुझ्याकडे, दोन शेजाऱ्याकडे. लेख राणीचा आहे, पण रात्रीं उठून त्यांच्यापुढें पेंढा टाकणारा तुझाच कोणी पूर्वज असावा. तशीं जुनीं घरें आतां झपाट्यानें पडत आहेत. मंडळाच्या अभ्यासकांनीं शिलालेखांचे ठसे घेतांना वाटेंतील वाघोबाचे दगड, दावणीची रचना आणि गुरें राखण्याचे शब्दही टिपून घ्यावे, एवढीच आमची विनंति आहे.