वाटाण्याचा कोंब

सुनेनं गोधड्या शिवून विकायचं काढलं, तेव्हा पहिला नकार माझाच. भांडवलाला पाटल्या गहाण टाकते म्हणाली. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

रात्री पडल्या पडल्या दादासाहेब फाळके आठवले. दहावीला असताना मास्तरांनी सांगितलेले. त्र्यंबकेश्वरचा माणूस. 1912 साली विम्याच्या पॉलिशीवर कर्ज काढून लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले. पण सिनेमाला पैसा देणार कोण? या गड्यानं कुंडीत वाटाणा पेरला आन् समोर कॅमेरा मांडून त्याच्या वाढीची थोडी थोडी चित्रं घेत राहिला. पडद्यावर दाणा बघता बघता फुटला, वेल झाला. (जन्मभर वाटाणा पेरून मला हे सुचलं नसतं.) ते बघून कर्ज मिळालं. तरी सरस्वतीबाईंचे दागिने गेलेच. त्या फिल्मला भोकं पाडायच्या, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या. 3 मे 1913 ला मुंबईत कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

सकाळी सुनेला म्हणलं, “पाटल्या राहू दे हातात. आधी एकच गोधडी शीव, बाजारात दाखवू.”

जुन्या लुगड्यांचं गाठोडं माळ्यावरून मीच खाली काढलं.