मांडीवरचा खेळ

२८ एप्रिल १९८० रोजी जपानच्या दुकानांत एक चपटी वस्तू विकायला आली. आकार खिशातल्या कॅल्क्युलेटरएवढा, दोन टोकांना एकेक बटण, मधे छोटासा पडदा. पडद्यावर एक माणूस चेंडू उडवतो आणि झेलतो. डावं बटण दाबलं की त्याचे हात डावीकडे सरकतात, उजवं दाबलं की उजवीकडे. ‘अ’ डावात दोन चेंडू, ‘ब’ डावात तीन. एक चेंडू निसटला की डाव संपला. खेळायचं नसेल तेव्हा हाच पडदा वेळ दाखवतो. किंमत ५,८०० येन, खेळाचं नाव ‘बॉल’ आणि निन्टेंडो कंपनीच्या या मालिकेचं नाव ‘गेम अँड वॉच’, म्हणजे खेळ आणि घड्याळ. हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमचा इतिहास सांगताना यातल्या खेळाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, घड्याळाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला ते घड्याळच जास्त महत्त्वाचं वाटतं. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाच्या हातात असं यंत्र दिसलं की आजही लोक विचारतात, ‘हे मुलांचं खेळणं तुम्ही कशाला घेतलंत?’ त्या प्रश्नाचं उत्तर या घड्याळात आहे. हे यंत्र मोठ्यांसाठीच सुचलं होतं आणि मोठी माणसं ते पहिल्यापासून खेळत आली. फक्त खेळताना त्यांना काहीतरी निमित्त लागायचं, आणि घड्याळ हे त्यातलं पहिलं निमित्त.

यंत्राची कल्पना गुनपेई योकोई यांची. १९४१ मध्ये क्योतोत जन्मलेले योकोई दोशिशा विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकले आणि १९६५ मध्ये निन्टेंडोत लागले. काम होतं पत्ते छापणाऱ्या यंत्रांची देखभाल. पुढे खेळणी घडवण्याचं काम त्यांच्याकडे आलं. शिंकानसेन या वेगवान गाडीतून प्रवास करताना त्यांनी एका कंटाळलेल्या नोकरदाराला पाहिलं. तो कॅल्क्युलेटरची बटणं उगाचच दाबत बसला होता. आकडेमोड करायची नव्हती, हाताला चाळा हवा होता. अशा माणसाला गाडीत वेळ घालवता येईल असं छोटं यंत्र का करू नये, असं योकोईंच्या मनात आलं. एकदा कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांची गाडी चालवण्याची वेळ त्यांच्यावर आली, तेव्हा वाटेत त्यांनी ही कल्पना सांगितली. पुढे कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या शार्प कंपनीशी बोलणं झालं आणि काम सुरू झालं. ज्याच्यावरून हे सगळं सुचलं तो माणूस शाळकरी मुलगा नव्हता, कामानिमित्त प्रवास करणारा प्रौढ होता.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. ही गोष्ट खुद्द शोधकर्त्याने सांगितलेली आहे, आणि यश मिळाल्यावर सांगितलेल्या जन्मकथा घासूनपुसून चकचकीत होतातच. म्हणून साक्ष यंत्राचीच काढू. ते आडवं आणि पातळ आहे, बटणं दोन्ही अंगठ्यांखाली येतात. बसलेला माणूस दोन्ही हात मांडीवर स्वाभाविकपणे जसे ठेवतो तसे ठेवून ते खेळता येतं, आणि शेजाऱ्याच्या लक्षातही येत नाही. योकोईंनी हा विचार मुद्दाम केला होता, कारण भर डब्यात खेळणं हातात धरायला मोठ्या माणसाला संकोच वाटणार हे त्यांना ठाऊक होतं. लहान मुलाला खेळ लपवावा लागत नाही. लपवण्याची सोय ज्याच्यासाठी केली तो गिऱ्हाईक कोण, हे वेगळं सांगायला नको. आतली यंत्रणाही मोठ्यांच्या जगातून आली. १९७०च्या दशकात कॅसिओ आणि शार्प यांच्यात कॅल्क्युलेटरच्या किमतींवरून घनघोर स्पर्धा झाली. १९७२ चा ‘कॅसिओ मिनी’ १२,८०० येनला होता, त्यानंतर भाव घसरतच गेले आणि द्रवस्फटिकाचे पडदे व चिप स्वस्त झाल्या. कॅल्क्युलेटरवरचा आठचा आकडा सात काड्यांचा बनतो, आणि त्यातल्या हव्या तेवढ्या काड्या उमटवल्या की कुठलाही आकडा दिसतो. योकोईंनी त्या काड्यांच्या जागी माणसाचे हात आणि चेंडू कोरून घेतले. ‘बॉल’मधला चेंडू हवेतून जात नाही. त्याच्या वाटेवर अनेक ठिपके आधीपासून ठरलेले आहेत, ते टिकटिक करत एकामागून एक उमटतात आणि आपल्याला चेंडू उडाल्यासारखा वाटतो. नव्या तंत्रज्ञानाच्या मागे न धावता मुरलेल्या, स्वस्त झालेल्या तंत्रज्ञानाला भलतीकडे कामाला लावायचं, हे योकोईंचं सूत्र इथे अगदी उघड दिसतं.

मोठ्यांचा खेळ हा निन्टेंडोचा मूळ धंदाच होता. फुसाजिरो यामाउची यांनी १८८९ मध्ये क्योतोत ही कंपनी काढली ती हानाफुदा नावाचे पत्ते बनवण्यासाठी. बारा महिन्यांची फुलं-झाडं, प्रत्येक महिन्याचे चार, असे ४८ पत्ते. या पत्त्यांची मुळं शोधत गेलं तर आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचता येतं. जपानी भाषेत पत्त्याला ‘कारुता’ म्हणतात आणि तो शब्द पोर्तुगीज ‘कार्ता’वरून आला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून हे पत्ते जपानला गेले, आणि त्या जहाजांचा पूर्वेकडचा कारभार चालायचा गोव्यातून. जपानी राज्यकर्त्यांनी जुगारामुळे पत्त्यांवर वेळोवेळी बंदी घातली, कारागिरांनी दर वेळी नवी चित्रं काढून वाट शोधली आणि त्यातून हानाफुदा घडले. म्हणजे निन्टेंडोची पहिली सत्तर वर्षं गेली ती मुख्यतः मोठ्यांच्या हातातले पत्ते बनवण्यात. १९५९ मध्ये डिस्नेची चित्रं छापलेले पत्ते काढून कंपनी घरातल्या मुलांपर्यंत पोचली. मुलं हे तिचं मागाहून जोडलेलं गिऱ्हाईक.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. यंत्र कुणासाठी सुचलं याला काय महत्त्व, घेतलं कुणी ते पाहा. आणि घेतलं ते मोठ्या प्रमाणावर मुलांनीच. हे खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. गेम अँड वॉच मालिकेची जगभर सुमारे ४ कोटी ३४ लाख यंत्रं विकली गेली आणि त्यांतली पुष्कळ शाळेच्या दप्तरांत शिरली. १९८९ मध्ये आलेल्या निन्टेंडोच्या ‘गेम बॉय’ या हातातल्या यंत्राच्या तर नावातच मुलगा आहे. १९९६ मध्ये त्यावर ‘पोकेमॉन’ हा खेळ आला, दोन यंत्रं तारेने जोडून प्राण्यांची देवाणघेवाण करायचं वेड मुलांना लागलं आणि जुनं होत आलेलं हे यंत्र पुन्हा ताजं झालं. पण मुलांनी एखादी गोष्ट उचलली म्हणजे मोठ्यांनी ती सोडली असं होत नाही. गेम बॉयच्याच जन्माच्या वेळी अमेरिकेत हा प्रश्न उघडपणे विचारला गेला होता. यंत्रासोबत कोणता खेळ द्यायचा, मारिओ की टेट्रिस? अमेरिकेतल्या निन्टेंडोचे प्रमुख मिनोरू अराकावा यांना खेळांचे प्रकाशक हेन्क रॉजर्स यांनी पटवून दिलं, की मारिओ दिलात तर लहान मुलगे घेतील, टेट्रिस दिलात तर सगळेच घेतील. मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी १९८४ मध्ये रचलेला तो खेळ. त्याला कथा नाही, नायक नाही, वय नाही. वरून पडणारे तुकडे फिरवून ओळी भरायच्या. गेम बॉयसाठी टेट्रिसच्या सुमारे साडेतीन कोटी प्रती गेल्या.

त्या कुणाच्या हातात गेल्या याचे पुरावे जाहिरातींबाहेरही सापडतात. १ जुलै १९९३ रोजी रशियन अंतराळवीर अलेक्सान्द्र सेरेब्रोव्ह ‘सोयूझ टीएम-१७’मधून ‘मीर’ स्थानकाकडे निघाले, तेव्हा त्यांच्या सामानात गेम बॉय आणि टेट्रिस होतं. वय ४९, मुक्काम १९६ दिवसांचा. ज्या उड्डाणात सोबतच्या प्रत्येक वस्तूच्या वजनाचा हिशेब होतो, तिथे एका अनुभवी अंतराळवीराने हे यंत्र न्यायचं ठरवलं. त्याच वर्षी विमानप्रवासात गेम बॉय खेळत बसलेल्या हिलरी क्लिंटन यांचं छायाचित्र निघालं. त्या तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी होत्या, वय ४५. आखाती युद्धात बॉम्बहल्ल्यात सापडलेला एका सैनिकाचा गेम बॉय न्यूयॉर्कमधल्या निन्टेंडोच्या दुकानात अनेक वर्षं मांडलेला होता. कवच जळून वितळलेलं, तरी आतला टेट्रिस चालू. लोक त्याचा टिकाऊपणा पाहून थक्क होत. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आघाडीवरच्या सैनिकाच्या दिवसातही वाट पाहण्याचे लांबलचक तास असतात, आणि त्या तासांसाठी त्याने हे यंत्र जवळ बाळगलं होतं. अंतराळवीर, प्रवासी, सैनिक या तिघांत समान काय, तर बांधलेला वेळ. जागा सोडता येत नाही आणि दुसरं काम हाती घेता येत नाही. मोठ्या माणसाच्या आयुष्यात असे तुकडे पुष्कळ असतात, मुलांच्या सलग दुपारी त्याच्या वाट्याला येत नाहीत. शिंकानसेनमधला तो नोकरदार अशाच एका तुकड्यात अडकलेला होता.

तरीही निमित्ताची गरज संपली नाही. २००४ मध्ये निन्टेंडोने दोन पडद्यांचं ‘डीएस’ काढलं. त्याची खरी कमाल २००५ मध्ये दिसली, तोहोकु विद्यापीठाचे मेंदूतज्ज्ञ र्युता कावाशिमा यांच्या पुस्तकावरून मेंदूच्या व्यायामाचा खेळ निघाला तेव्हा. भराभर बेरजा-वजाबाक्या करायच्या, शब्द मोठ्याने वाचायचे, शेवटी यंत्र तुमच्या मेंदूचं वय सांगणार. ज्यांनी आयुष्यात व्हिडिओ गेमला हात लावला नव्हता अशा आजी-आजोबांनी जपानमध्ये हे यंत्र विकत घेतलं. डीएसची एकूण विक्री १५ कोटी ४० लाखांपर्यंत गेली आणि २००९ मध्ये थकल्या डोळ्यांना सोयीचं मोठ्या पडद्याचं डीएसही आलं. अशा व्यायामाने मेंदू खरोखर तल्लख होतो का, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. पण खेळाला ‘आरोग्य’ हे नाव मिळालं आणि मोठ्यांचा संकोच गेला. १९८० मध्ये घड्याळाने जे केलं तेच २००५ मध्ये मेंदूच्या वयाने केलं. आपल्याकडेही वेगळं घडलं नाही. नव्वदच्या दशकात बाजारात आणि जत्रेत मिळणारा ‘९९९९ इन १’ ब्रिक गेम मुलांचा मानला गेला. नोकियाच्या फोनवरचा साप मात्र साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांनी खेळला आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. खेळ म्हणून दोन्हींत मोठा फरक नव्हता. फरक एवढाच, की फोन ही कामाची वस्तू होती.

मार्च २०१७ मध्ये निन्टेंडोचं ‘स्विच’ हे यंत्र आलं. त्याआधी दाखवलेल्या पहिल्या चित्रफितीत कुत्र्याला फिरवणारा तरुण, विमानातला प्रवासी, गच्चीवर जमलेली मित्रमंडळी अशी सगळी मोठी माणसं होती. घड्याळ, व्यायाम, अभ्यास असं कुठलंच निमित्त तिथे नव्हतं. या यंत्राची १५ कोटींहून अधिक विक्री झाली. यावर तिसरा आक्षेप येतो, की फोन खिशात असताना वेगळं यंत्र हवं कशाला. पण शिंकानसेनमधल्या त्या नोकरदाराच्या हातातला कॅल्क्युलेटरही कामाचाच होता, आणि कामाच्या वस्तूशी चाळा करून त्याचा कंटाळा गेला नाही, म्हणून तर योकोईंना वेगळं यंत्र सुचलं. फोनवर खेळताना कचेरीचा निरोप येतो, बँकेचा संदेश येतो, डाव मोडतो आणि मन पुन्हा कामाला जुंपलं जातं. फोनवरचे फुकट मिळणारे बरेच खेळ संपूच नयेत आणि अधूनमधून पैसे काढले जावेत अशाच बेताने रचलेले असतात. विकत घेतलेल्या कार्ट्रिजमधल्या बहुतेक खेळांना शेवट असतो. यंत्र मिटलं की डाव जिथल्या तिथे थांबतो, स्टेशन आल्यावर उतरता येतं. खेळाचं व्यसन लागू शकतं हे खरं, आणि कुटुंबाचा वेळ खाऊन खेळणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण खेळ आणि काम वेगळ्या वस्तूंत ठेवले तर दोन्हींना वेसण घालणं सोपं जातं.

राहिला शेवटचा आक्षेप, की मोठ्या माणसाने मोकळा वेळ काहीतरी उपयोगाचं करण्यात घालवावा. हा नियम आपण सगळ्या खेळांना लावत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये वर्षानुवर्षं एकाच डब्यात, ठरलेल्या जागी भेटणारे गट गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी ठेवतात आणि त्यावर रमीचा किंवा मेंढीकोटचा डाव मांडतात. दिवसभराची नोकरी, घरचे हप्ते, मुलांच्या परीक्षा हे सगळं त्या ब्रीफकेसच्या आत असतं आणि पत्ते तिच्या वर. हे लोक पोरकट आहेत असं डब्यात कुणी म्हणत नाही, कारण पत्त्यांना आपण मोठ्यांचा खेळ म्हणून कधीच मान्यता दिली आहे. क्योतोच्या त्या कारखान्यात पत्त्यांच्या यंत्रांना तेलपाणी करणाऱ्या माणसाने हीच मांडी, हाच प्रवास आणि हाच तुटक वेळ पाहून आपलं यंत्र घडवलं. सोबत कुणी नसलं तरी मांडता यावा असा तो डाव होता. १९९७ मध्ये योकोई रस्त्यावरच्या अपघातात गेले. आता त्यांच्या यंत्रात घड्याळ नसलं तरी चालेल. पत्त्यांच्या डावालाही ते कधी लागलं नव्हतं.