मँचेस्टरला नगरपालिका मिळाली, त्याची गोष्ट

मँचेस्टर हे नाव आपल्याला नवं नाही. इचलकरंजीला आपण महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो, म्हणजे या नावाचा आपल्या मनातला अर्थ ठरलेला आहे: सूत, माग, धुरांडी. आज मात्र आपल्याला कापडाकडे बघायचं नाही. या गावचा कारभार कोण बघत होतं, घरपट्टी कोण गोळा करत होतं, रात्री गस्त कोण घालत होतं, ते बघायचं आहे. त्याचं कारण असं की, 1830 च्या दशकात सगळ्या जगाला कापड पुरवणारं हे गाव कायद्याच्या भाषेत एखाद्या मोठ्या खेड्यासारखंच होतं. त्याला नगरपालिका नव्हती, नगराध्यक्ष नव्हता.

हे असं का झालं? त्यासाठी थोडं मागं जाऊ. 1301 साली इथल्या जहागीरदारानं, थॉमस ग्रेलीनं, गावकऱ्यांना एक सनद दिली होती. पण 1359 मध्ये वाद उभा राहिला, तेव्हा निवाडा असा झाला की मँचेस्टर हे 'बरो', म्हणजे स्वतःचे हक्क असलेलं नगर नाही, नुसतं बाजारपेठेचं गाव आहे. हा शिक्का पुढे जवळजवळ पाचशे वर्षं राहिला. जहागीर हातोहात फिरत 1596 साली मोझली घराण्याकडे आली. लंडनच्या कापडव्यापारात पैसा कमावलेल्या निकोलस मोझलीनं ती 3,500 पौंडांना विकत घेतली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जहागिरीचा कारभार चाले तो 'कोर्ट लीट' नावाच्या सभेतून. जहागीरदाराच्या कारभाऱ्यानं ही सभा बोलवायची, गावातल्या प्रतिष्ठितांची ज्यूरी बसवायची आणि त्या ज्यूरीनं वर्षभराचे अधिकारी नेमायचे. सर्वात वरचा 'बरोरीव्ह', त्याच्या हाताखाली दोन कॉन्स्टेबल. शिवाय मांस-मासळी तपासणारे, दारूची चव बघणारे, आणि मोठ्या कुत्र्यांच्या तोंडाला मुसक्या बांधल्यात की नाही हे बघणारेसुद्धा! ऐकायला गंमत वाटते, पण पाचसहा हजार वस्तीच्या गावाला ही व्यवस्था पुरेशी होती. 1801 च्या जनगणनेत मात्र नुसत्या मँचेस्टरची वस्ती 70 हजारांच्या घरात गेली, आणि पुढच्या 30 वर्षांत ती दुप्पट झाली.

आता, गावानं काहीच केलं नाही असं समजू नका. 1792 साली संसदेकडून खास कायदा करून घेऊन 'पोलीस कमिशनर' नेमले गेले. आपल्या डोळ्यांपुढे लगेच खाकी वर्दी येते, पण इथे 'पोलीस' शब्दाचा अर्थ बराच मोठा आहे: दिवे, झाडलोट, रस्ते, रात्रीचे पहारेकरी. वर्षाला 30 पौंड भाड्याच्या जागेचा मालक किंवा भोगवटादार असेल त्याला कमिशनर होता येई. म्हणजे सधन माणसांचंच मंडळ. पण या मंडळानं 1817 मध्ये गावाच्या मालकीचा गॅसचा कारखाना काढला आणि त्याच्या नफ्यातून रस्ते रुंद केले. जगात इतरत्र गॅस खासगी कंपन्या विकत होत्या, त्या काळातली ही गोष्ट. सुधारकांनी पुढे जुन्या व्यवस्थेचं जे चित्र रंगवलं, ते निव्वळ अंधारयुगाचं आहे. आम्हाला ते पुरतं पटत नाही. गॅसचा नफा रस्त्यांवर खर्च करायचा की गिऱ्हाइकाचा दर कमी करायचा, यावरून कमिशनरांच्या सभा 1820 च्या दशकात इतक्या तापल्या की शेकड्यांनी माणसं येऊन आरडाओरडा करू लागली. शेवटी 1828 साली कायदा बदलून निवडून दिलेले 240 कमिशनर आणावे लागले. मत कुणाला? 16 पौंड भाड्याच्या वरच्यांना.

व्यवस्थेचं खरं दुखणं दुसरीकडे होतं. गावाला स्वतःचे न्यायदंडाधिकारी नव्हते, ते सगळे परगण्याचे. 16 ऑगस्ट 1819 ला सेंट पीटर्स फील्डवर सुमारे 60 हजार माणसं मतदानाचा हक्क मागायला जमली. वक्ता हेन्री हंटला पकडायचं वॉरंट डेप्युटी कॉन्स्टेबल जोसेफ नॅडिनच्या हातात दिलं गेलं. हा नॅडिन कोर्ट लीटच्या यंत्रणेतला पगारी माणूस. लष्कराशिवाय हे माझ्यानं होणार नाही, असं त्यानं सांगितलं. घोडेस्वार गर्दीत घुसले, किमान 15 माणसं मेली, शेकडो जखमी झाली. हेच ते पीटरलू. गर्दीनं निवडून न दिलेली माणसं गर्दीबद्दल निर्णय घेत होती, आणि त्यांना जाब विचारायची कुठलीच जागा गावात नव्हती.

1832 च्या सुधारणेनं मँचेस्टरला संसदेत दोन जागा मिळाल्या. 1835 चा नगरपालिका कायदा आला, त्यानं जुन्या 178 नगरांची पुनर्रचना केली, आणि इतर गावांनाही अर्ज करून सनद मागायची वाट मोकळी केली. ही वाट धरली रिचर्ड कॉब्डेननं. छापील कापडाचा हा तरुण कारखानदार. 1837 मध्ये त्याला कोर्ट लीटच्या ज्यूरीवर बोलावलं गेलं. एका जहागीरदाराच्या नावानं आपण एवढ्या मोठ्या गावाचे अधिकारी नेमतोय, हे त्यानं आतून बघितलं. मग 'इन्कॉर्पोरेट युअर बरो' ही पुस्तिका लिहिली.

आपल्याला वाटेल, सगळं गाव मागं उभं राहिलं असेल. तर नाही. सनदेच्या बाजूच्या अर्जावर सुमारे 12 हजार सह्या पडल्या, विरोधातल्या अर्जावर सुमारे 32 हजार. तपासणीत विरोधकांच्या पुष्कळ सह्या बाद झाल्या हे खरं, पण विरोध खोटा नव्हता. जुने टोरी विरोधात असणार हे उघडच होतं, त्यांच्या हातचा कारभार जात होता. मजूरवर्गातले जहालही त्यांच्या बरोबरीनं उभे राहिले, आणि इथे आपण जरा थांबलं पाहिजे. त्यांना मूर्ख ठरवून पुढं जाणं सोपं आहे. पण नव्या कायद्यात मत होतं सलग काही वर्षं स्वतःच्या नावावर घरपट्टी भरणाऱ्या पुरुषाला. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, घर बदलत फिरणाऱ्या कामगाराला त्यातून काय मिळणार? ज्या उदारमतवाद्यांनी 1834 मध्ये गरिबांना वर्कहाउसात धाडणारा कायदा केला, तेच आता पगारी पोलीसदल आणू बघत होते. पीटरलूला वीस वर्षंसुद्धा झाली नव्हती. त्यांची शंका आम्हाला रास्त वाटते.

तरीही 23 ऑक्टोबर 1838 ला सनद निघाली. डिसेंबरात निवडणूक झाली. टोरींनी बहिष्कार घातला, त्यामुळे सगळं मंडळ सुधारकांचंच. कापडाचा मोठा व्यापारी थॉमस पॉटर पहिला मेयर झाला, कॉब्डेन आल्डरमन. आणि मग फजिती सुरू झाली. किंग स्ट्रीटवरचा टाउन हॉल पोलीस कमिशनरांच्या ताब्यात, ते तो सोडेनात. घरपट्टीची यंत्रणा दुसऱ्यांकडे, ते नगरपालिकेसाठी वसुली करेनात. गावात एकाच वेळी वेगवेगळ्या मालकांची पोलीसदलं. अपमृत्यूची चौकशी करणारे कोरोनरही दोन: एक परगण्याचा, एक नगरपालिकेचा. त्यांचा झगडा कोर्टात गेला, तिथे सवाल झाला की मुळात ही सनदच वैध आहे का!

दरम्यान चार्टिस्ट चळवळ पेटली होती. असं भांडणारं गाव मोकळं ठेवायची सरकारची तयारी नव्हती. 1839 मध्ये खास कायदा करून सर चार्ल्स शॉ यांना लंडनहून नेमलं गेलं, आणि मँचेस्टरचे पोलीस थेट गृहखात्याच्या हाताखाली गेले. स्वराज्य मागितलं आणि पहिली तीन वर्षं पोलीस दिल्लीच्या हातात, असंच काहीसं. 1841 मध्ये न्यायालयानं सनद वैध ठरवली, 1842 मध्ये संसदेनं त्यावर मोहर उठवली आणि पोलीस परत आले. 1843 मध्ये कमिशनरांचे अधिकार, गॅसच्या कारखान्यासह, नगरपालिकेकडे आले. म्हणजे नव्या कारभाराचं सगळ्यात दुभतं जनावर जुन्या मंडळानंच पोसलेलं होतं.

राहिला जहागीरदार. बाजाराचा हक्क अजून मोझलींचाच. 1808 मध्ये ते 90 हजार पौंडांना सगळे हक्क द्यायला तयार होते. गावकऱ्यांनी 70 हजार देऊ केले आणि बोलणी फिसकटली. 1846 मध्ये नगरपालिकेनं तेच हक्क घेतले 2 लाख पौंडांना. 3,500 चा आकडा आठवतोय ना? वाढीव किमतीतला बहुतेक भाग गावानं स्वतःच्या घामानं वाढवला होता, आणि पैसेही गावानंच भरले. कोर्ट लीट त्याच वर्षी संपलं. 1853 मध्ये मँचेस्टरला 'सिटी' हा दर्जा मिळाला.

कामगारांच्या शंकेचं पुढे काय झालं, याचं एकच उदाहरण देतो. एबल हेवुड हा गरिबीतून वर आलेला पुस्तकविक्रेता. सरकारी मुद्रांक न लावलेलं 'पुअर मॅन्स गार्डियन' विकलं म्हणून 1832 मध्ये त्यानं चार महिने तुरुंग भोगला होता. पुढे तो पोलीस कमिशनर झाला, नगरपालिकेत निवडून आला, मेयर झाला. 1877 मध्ये वॉटरहाउसनं बांधलेला नवा टाउन हॉल तयार झाला, तेव्हा मेयर पुन्हा हेवुडच होता. राणी व्हिक्टोरियानं उद्घाटनाला यायला नकार दिला, म्हणून त्यानंच दार उघडलं. मनोऱ्यातल्या मोठ्या घंटेला 'ग्रेट एबल' म्हणतात, ते त्याच्याच नावावरून.