लिहिलेले आयुष्य आणि ग्रंथालयाचे कपाट

मराठी आत्मचरित्राचा इतिहास बहुधा लेखकांच्या नावांनी आणि प्रकाशनाच्या सालांनी सांगितला जातो. परंतु एखादे आयुष्य कागदावर उतरल्यापासून ते गावातल्या वाचनालयाच्या कपाटात येऊन सामान्य वाचकाच्या हाती पडेपर्यंत जो काळ गेला, आणि त्या काळात ज्यांनी ते हस्तलिखित जपले, छापले किंवा वाचकाला सुचवले, त्यांच्या कामाकडे या इतिहासात फारसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक ज्या आयुष्यांना समाजात प्रतिष्ठा नव्हती, त्यांच्या बाबतीत हा मधला काळच अधिक बोलका आहे.

महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, तर पुण्याची ‘नेटिव्ह लायब्ररी’, म्हणजे आजचे पुणे नगर वाचन मंदिर, १८४८ मधली. या संस्था वर्गणीवर, म्हणजे सभासदांनी ठरावीक काळाने भरावयाच्या रकमेवर चालत, त्यामुळे त्यांचा वाचक मुख्यतः नोकरदार, वकील आणि व्यापारी असे, आणि इंग्रजी ग्रंथांचे प्राबल्यही स्वाभाविक होते. केवळ मराठी ग्रंथांचा संग्रह करावा या हेतूने ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथ संग्रहालय उभे राहिले ते १८९३ साली, आणि मुंबईचे त्यानंतर पाच वर्षांनी. मराठी आयुष्यांच्या कथांना हक्काची जागा मिळण्याची ही सुरुवात होय.

विष्णुभट गोडसे वरसईकर यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाचे उदाहरण येथे विस्ताराने पाहण्यासारखे आहे. कोकणातील वरसई गावचे हे गरीब भिक्षुक, म्हणजे पौरोहित्यावर उपजीविका करणारे ब्राह्मण, कर्जातून सुटका व्हावी म्हणून १८५७ साली उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीच्या वेढ्याचे साक्षीदार झाले आणि रिकाम्या हातांनी घरी परतले. इतिहासकार चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी आपल्या आठवणी लिहून काढल्या त्या १८८३ च्या सुमारास. पण पुस्तक छापले गेले ते लेखकाच्या मृत्यूनंतर, १९०७ साली, आणि तेही वैद्यांनी भाषा सुधारून व मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात सुरक्षित राहिले म्हणूनच इतिहाससंशोधक दत्तो वामन पोतदार यांना १९६६ साली ते मूळ स्वरूपात प्रसिद्ध करता आले. म्हणजे दोन पिढ्यांनी जे पुस्तक गोडसेभटजींचे म्हणून वाचले त्यात संपादकाचा हात बराच होता. वैद्यांचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते की, साध्या माणसाच्या बोलण्यातला ओबडधोबडपणा काढून टाकणारे संपादन वाचकाला त्या माणसापासून थोडे दूरच नेते.

स्त्रियांच्या आत्मकथनांचा प्रवेश वेगळ्या दाराने झाला. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) हे पुस्तक दीर्घकाळ त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांच्या चरित्राचे साधन म्हणून वाचले गेले, त्यात रमाबाईंचे स्वतःचे शिक्षण आणि सासरच्या स्त्रियांकडून त्यासाठी सोसावा लागलेला छळ इतक्या स्पष्टपणे आला असूनही. पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ (१९२८) आणि लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ (पहिला भाग १९३४) यांनी मात्र स्त्रीचे आयुष्य तिच्याच नावाने उभे केले. १९७० साली हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ आले, ‘माणूस’ साप्ताहिकातून प्रसिद्ध होऊन. चित्रपटातील नटीने आपले भोग इतक्या निखळपणे सांगावेत, हे त्या वेळच्या वाचकाला नवीन होते.

याच सुमारास वाचनालयांची व्यवस्था बदलली. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला. त्यात स्वतंत्र ग्रंथालय-कर न बसवता खाजगी संस्थांच्या वाचनालयांना त्यांच्या वर्गानुसार, म्हणजे अ, ब, क, ड अशा श्रेणींनुसार, शासकीय अनुदान देण्याची पद्धत स्वीकारली गेली. त्यामुळे लहान गावांतही पुस्तक-खरेदीला नियमित आधार मिळाला. याच काळात उपेक्षितांची आत्मकथनेही छापली जाऊ लागली: ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीने १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ आणि १९८० साली लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ प्रकाशित केले. बलुतं म्हणजे गावकीच्या कामाबद्दल मिळणारा धान्याचा वाटा. ‘उपरा’मध्ये गाढवावर बिऱ्हाड लादून टोपल्या विणत फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाचे जगणे आहे. पुढे लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने (१९८७) इंग्रजी कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातीचे अंतरंग वाचकांसमोर ठेवले.

बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथनही दीर्घकाळ दडून राहिले. फलटणमधील किराणा दुकानात बसून माल बांधण्यासाठी आणलेली रद्दी वर्तमानपत्रे त्या वाचत आणि तिथेच, गिऱ्हाईक नसताना, लिहीत. घरच्या माणसांच्या नजरेस पडू नये म्हणून ते कागद त्यांनी सुमारे वीस वर्षे लपवून ठेवले. फलटणमध्ये राहणाऱ्या अमेरिकन अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रोत्साहनामुळे ते लेखन १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तकरूपाने निघाले. महार समाजातील स्त्रीला उपास, मारहाण आणि अंधश्रद्धा यांचे जे ओझे वाहावे लागे, त्याचे वर्णन करताना लेखिकेने घरातल्या पुरुषालाही सोडलेले नाही.

अशा पुस्तकांच्या बाबतीत ग्रंथपालाचा शब्द निर्णायक ठरतो, याचे कारण मराठी वाचनालयांच्या रचनेत आहे. अनेक ठिकाणी आजही बंदिस्त पद्धत चालते, म्हणजे वाचकाला कपाटापर्यंत जाता येत नाही. देवघेव विभागाच्या टेबलाशी उभे राहून नाव सांगावे लागते आणि सेवक पुस्तक काढून आणतो. ज्या वाचकाला लेखकाचे नाव ठाऊक नाही तो ‘एखादे चांगले चरित्र द्या’ एवढेच म्हणतो, आणि मग हाताशी असलेला, वारंवार मागितला गेलेला थोर पुरुषाचा ग्रंथच पुढे येतो. ‘माझा प्रवास’ नेलेल्या वाचकाला तो परत आल्यावर उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) सुचवले, तर त्याच कोकणाचा, पण बांबूची सुपे-टोपल्या विणणाऱ्या आईच्या घरातून दिसणारा प्रदेश त्याच्यासमोर येईल; ‘स्मृतिचित्रे’ वाचून संपवलेल्या वाचकाला ‘जिणं आमुचं’ द्यावे, आणि त्यातील बोलीभाषेला तो अडला तर दोन शब्दांचे अर्थ टेबलावरच सांगावेत.