हिऱ्याचे पाणी

भगिनींनो, स्मरणिकेत दागिन्यांवर लिहिणे काहींना उथळ वाटेल. पण गेल्या वर्षी धाकट्या लेकीच्या लग्नासाठी सासूबाईंच्या हिऱ्याच्या कुड्या मोडावयास काढल्या, तो एका पेढीवर "खडे पिवळट, किंमत ती काय येणार?" असे ऐकावे लागले. ज्या कुड्या त्यांनी अडीअडचणीतही कधी गहाण टाकल्या नाहीत, त्यांची ही बोळवण मनाला लागली. तेव्हापासून हिऱ्याचा रंग आजवर कसा पारखला गेला, हे मी वाचू लागले.

सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त ठिकाणपरत्वे हिऱ्यांचे रंग सांगितले आहेत. वेणातटीचा शुद्ध, कोसलचा शिरीषफुलासारखा, सौराष्ट्राचा तांबूस आणि शूर्पारकाचा काळा. शूर्पारक म्हणजे सोपारे. आपल्या जुन्नरचा माल नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडेच जाई. सोपाऱ्याच्या हिऱ्यालाही ते नाव बंदराच्या बाजारावरूनच मिळाले असावे, असे मला वाटते.

सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणी पाहून गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये लिहितो की, येथील व्यापारी रात्री भिंतीच्या कोनाड्यात दिवा ठेवून हिऱ्याचे पाणी पाहत. निळसर झाक ओळखावयाची तर खडा दाट झाडाच्या सावलीत नेत. आपण 'पाणीदार' म्हणतो, ते उगीच नव्हे!

१९५३ च्या सुमारास अमेरिकेतील रत्नसंस्थेने या पाण्याला इंग्रजी अक्षरांच्या तेवीस पायऱ्या लावल्या. 'डी' म्हणजे रंगहीन, 'झेड' म्हणजे उघड पिवळट. हा पिवळेपणा बहुधा नायट्रोजनामुळे येतो. परीक्षक सुटा खडा पांढऱ्या पृष्ठावर पालथा ठेवून नमुन्याच्या खड्यांशेजारी पाहतात. सुटाच का? तर कोंदणातल्या सोन्याची पिवळी छटा खड्यात उतरते म्हणून.

हे वाचले मात्र, आणि दुसऱ्या सोनाराकडून कोंदण उकलविले. चौदांपैकी तीन खडे खरोखरच पिवळसर निघाले, बाकीचे स्वच्छ पांढरे. किंमत न विचारता सारे पुन्हा जडवून घेतले. त्या कुड्या घालूनच लेक बोहल्यावर चढली.

तेव्हा भगिनींनो, हिरा घेताना तो सुटा, पांढऱ्या कागदावर, दिवसाच्या उजेडात पाहावा. आणि घरचा जुना खडा मोडण्यापूर्वी तर दोनदा पाहावा.