दांडा खाली उतरला

जपानमधल्या पाळणाघरांबाहेर सकाळी ज्या सायकली उभ्या असतात, त्या लांबूनही ओळखू येतात. पुढे हँडलच्या मधोमध एक छोटी खुर्ची, मागे कॅरिअरवर दुसरी. चाकं लहान आणि जाड, सीटखाली उभी बसवलेली बॅटरी. मधला दांडा एवढा खाली वाकवलेला की पाय गुडघ्याइतकाही उचलावा लागत नाही, सरळ पुढून आत घालायचा. अशा सायकलीचं वजन रिकामी असतानाच तीस किलोच्या आसपास भरतं. दोन मुलं, त्यांची दप्तरं आणि संध्याकाळची भाजी धरली तर किती होतं ते सांगायला नको. तरीही ती चालवणारी आई चढावर खाली उतरत नाही.

अशी सायकल घ्यायला गेलेला माणूस बहुधा आधी बॅटरीचं विचारतो: एकदा चार्ज केली की किती किलोमीटर? हे विचारायलाच हवं, पण या वाहनाचं कूळ नीट पाहिलं तर आधी वेगळंच विचारावंसं वाटतं. हिच्यावर चढायचं कसं, उतरायचं कसं, मध्येच थांबावं लागलं तर पाय कुठे टेकायचा? सव्वाशे वर्षं या सायकलीला आकार दिला तो याच अडचणींनी. मोटर त्या मानाने फार उशिरा आली.

दांडा खाली आला तो १८८० च्या दशकाच्या अखेरीस, लांब झग्यांमुळे. मधला आडवा दांडा हा सायकलच्या सांगाड्याचा कणा असतो. तो काढला की सांगाडा पिळवटतो, म्हणून खालच्या नळ्या जाड कराव्या लागतात आणि वजन वाढतं. त्यामुळे ही सोय पहिल्यापासून वजनाच्या मोबदल्यात मिळालेली आहे, आणि हा हिशेब आजतागायत सुटलेला नाही.

जपानमध्ये पहिली देशी सायकल १८९० मध्ये मियाता यांच्या बंदुकीच्या कारखान्यात तयार झाली. नळी घडवण्याचं कसब तिथे होतंच. पण किमोनो नेसलेल्या बाईला दांड्यावरून टांग टाकणं केवळ अशक्य. वाट सापडली ती शाळकरी मुलींच्या हाकामामुळे, म्हणजे किमोनोवर घालायच्या घोळदार विजारीसारख्या वस्त्रामुळे. १९०० नंतरच्या चार-पाच वर्षांत तोक्योत एक तरुणी शिबाहून उएनोच्या संगीत विद्यालयात रोज सायकलने जायची आणि लोक तिला पाहायला रस्त्यात थांबायचे. पुढे 'मादाम बटरफ्लाय'च्या भूमिकेमुळे जगभर नाव झालेली गायिका मिउरा तामाकी ती हीच. १९०३ मध्ये 'योमिउरी' वर्तमानपत्रात कोसुगी तेंगाई यांची जी कादंबरी क्रमशः आली, तिची नायिकाही सायकलवरूनच वाचकांसमोर येते. हौस होती, बातमी होती, पण घरोघरी सायकल नव्हती. पुढची पन्नास वर्षं जपानी सायकल पुरुषांचीच राहिली: जाड दांड्याची, अवजड, मागे तांदळाची पोती किंवा साकेच्या बाटल्यांची खोकी वाहणारी दुकानदाराची सायकल.

मग १९५६ मध्ये यामागुची कंपनीने 'स्मार्ट लेडी' नावाची सायकल काढली. हलकी, वाकवलेल्या नळीची, पुढे टोपली. आज जपानभर ज्या सायकलीला 'ममाचारी' म्हणतात (ममा म्हणजे आई, चारी हे सायकलचं बोलीतलं नाव) तिची पूर्वज म्हणून हिच्याकडेच बोट दाखवलं जातं. बायकांसाठी बनलेली ही सायकल पाहता पाहता घरादाराची झाली. आजोबा, शाळकरी मुलगा, स्टेशनपर्यंत जाणारा नोकरदार, सगळे तीच चालवतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे 'लेडीज सायकल' म्हटलं की मुलगे आजही अंग चोरतात. जपानने ती शरम कधीच टाकून दिली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता दुसरं घराणं, इंजिनाचं. त्याचं मूळ हामामात्सु गावात आहे. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये सोइचिरो होंडा यांच्या हाती लष्कराच्या बिनतारी यंत्रांसाठी बनवलेली लहान जनरेटर इंजिनं लागली. ती त्यांनी सायकलला जोडली. पेट्रोलच्या टाकीसाठी सुरुवातीला अंथरुणात घ्यायची गरम पाण्याची पिशवीवजा डबी वापरली. ही सायकल बाईला चालवता येते की नाही हे पाहायला त्यांनी पत्नी साची यांनाच वर बसवून गर्दीच्या रस्त्यावर पाठवलं. फेरी नीट झाली, पण इंजिनातून उडणाऱ्या तेलाने त्यांची चांगली मोंपे, म्हणजे सैलसर सुती विजार, माखून गेली. नवऱ्याला त्या तसं स्पष्ट बोलल्या आणि दुरुस्ती झाली. या घराण्याच्या इतिहासात चालवणाऱ्या बाईची तक्रार अशी अगदी पहिल्या पानावर आहे.

१९५२ मध्ये त्याच हामामात्सुच्या सुझुकीने, मूळच्या मागवाल्यांनी, ३६ सीसीची 'पॉवर फ्री' आणली. तिच्या दुहेरी दातेरी चक्रामुळे तीन गोष्टी जमायच्या: नुसतं पायडल, नुसतं इंजिन, किंवा दोन्ही मिळून. ही तिसरी सोय लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच वर्षी लहान इंजिनाच्या सायकलींना चाचणी न देता परवाना मिळू लागला आणि खप भराभर वाढला. पण इंजिन जसजसं सुधारलं तसतसं पायडल निरुपयोगी होत गेलं. १९५८ ची होंडा सुपर कब म्हणजे या प्रवासाचं शिखर. क्लच आपोआप चालणारा, म्हणजे सोबा शेवयांचं ताट एका हातावर तोलणाऱ्या पोऱ्यालाही चालवता यावी, आणि मधला भाग खाली, म्हणजे स्कर्टवाल्या बाईलाही. २०१७ पर्यंत या घराण्यातल्या दहा कोटी गाड्या बनल्या. दांडा खाली राहिला खरा, पण सायकल मात्र मागे पडली.

आपल्याकडे पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये आणलेली लुना पायडल असलेली, पुढून पाय घालून बसायची. साडी नेसून ती चालवणाऱ्या शिक्षिका, परिचारिका महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्याच्या गावात होत्या. पायडल मात्र मुख्यतः सुरू करण्यापुरतं आणि पेट्रोल संपलं तर घरी पोचण्यापुरतं.

'पॉवर फ्री'मधली ती तिसरी सोय, पाय आणि यंत्र मिळून चालणं, यामाहाने उचलली. काम १९८९ च्या सुमारास सुरू झालं. मोटर आणि बॅटरी जोडणं हा त्यातला सोपा भाग होता. नुसत्या विजेवर चालणारी गाडी तेव्हा कायद्याने मोटारसायकल ठरायची. मग परवाना, हेल्मेट, नंबरप्लेट सगळं आलं. ही अजूनही सायकलच आहे हे पोलिसांना आणि परिवहन खात्याला पटवायचं होतं. त्यासाठी कान पिळून वेग वाढवायची सोयच ठेवली नाही. पायडलवर किती जोर पडतोय हे मोजणारा सेन्सर बसवला. पाय थांबला की मोटर थांबली. पायाने जेवढा जोर लावला तेवढाच मोटरने लावायचा, तोही ताशी १५ किलोमीटरपर्यंत. पुढे मदत कमी होत होत ताशी २४ किलोमीटरला शून्य. नोव्हेंबर १९९३ मध्ये 'पास' नावाची ही सायकल कानागावा, शिझुओका आणि ह्योगो या तीन प्रांतांत विक्रीला आली. योकोहामा आणि कोबे ही चढउतारांची शहरं यांतलीच. किंमत १,४९,००० येन, वजन ३१ किलो, बॅटरी शिशाची. आणि सांगाडा? मधला दांडा खाली असलेला. कायद्यातल्या एका रेषेच्या अलीकडे राहण्याचा हट्ट धरला नसता तर ही सायकल जन्मालाच आली नसती, असं मला वाटतं. बंधन घालणाऱ्या नियमांतून इतकी माणुसकीची वस्तू निघाल्याची उदाहरणं फार नाहीत.

सुरुवातीला 'पास'ला म्हाताऱ्यांची सायकल म्हणायचे. बॅटऱ्या शिशावरून निकेलवर आणि निकेलवरून लिथियमवर आल्या, हलक्या झाल्या, पण खरी कलाटणी दिली ती आयांनी.

एका मुलाला पुढे आणि दुसऱ्याला मागे बसवून तिघांनी सायकलवर जाणं नियमात बसत नव्हतं. तरी लाखो आया तसंच जायच्या आणि पोलीसही काणाडोळा करायचे. २००७-०८ मध्ये पोलीस यंत्रणेने ही बंदी ठळक करायचं ठरवलं. आयांनी जोरदार हरकत घेतली. दोन लहान मुलं घेऊन पाळणाघर गाठायचं, तिथून स्टेशन, तिथून कामावर. गाडी नाही, बस वेळेवर नाही, मग जायचं कसं? धोका होता हे खरंच होतं. साध्या ममाचारीवर दोन मुलं बसवली की पुढचं चाक डुगडुगायचं, थांबताना तोल जायचा. अखेर यंत्रणेनेच प्रश्न उलटा केला. तिघांना पेलेल अशी सायकल कारखानदारांनी बनवून दाखवावी, मग परवानगी देऊ. ताठ सांगाडा, भक्कम ब्रेक, रुंद स्टँड, चालताना न थरथरणारं हँडल, हे निकष ठरले. जुलै २००९ पासून निकषांत बसणाऱ्या सायकलीवर सोळा वर्षांवरच्या चालकाला दोन लहानग्यांना नेता येऊ लागलं.

त्याच्या जरा आधी, डिसेंबर २००८ मध्ये, मदतीचं प्रमाणही बदललं होतं. ताशी १० किलोमीटरपर्यंत मोटरने पायाच्या दुप्पट जोर लावायला मुभा मिळाली. १७ किलोमीटरला ती बरोबरीवर येते आणि २४ ला पूर्वीसारखीच संपते. वरचा वेग एका किलोमीटरनेही वाढवला नाही, वाढवलं ते निघतानाचं बळ. भार घेऊन सिग्नलवरून निघणं, हाच तर सगळ्यात तोल जाण्याचा क्षण. हा बदल करणाऱ्यांनी रस्त्यावरची अडचण नेमकी हेरली होती.

मग पॅनासोनिक, ब्रिजस्टोन, यामाहा यांनी दांडा आणखी खाली नेला. चाकं २६ इंचांची २० केली, म्हणजे मुलाची खुर्ची खाली येते आणि तोल सावरतो. बॅटरी सीटच्या नळीमागे उभी बसवली. फुटपाथवर चालवायची परवानगी असलेल्या 'साधारण सायकल'ला लांबी १९० सेंटिमीटर आणि रुंदी ६० सेंटिमीटर एवढीच मर्यादा आहे, त्यात दोन खुर्च्या आणि मोटर मावायला हवी होती. काही मॉडेलमध्ये स्टँड लावताच हँडल जागच्या जागी अडकतं, कारण मूल चढवताना सायकल वळली तर दोघंही पडतात. २००८ च्या सुमारास जपानमध्ये मोटरची मदत असलेल्या सायकलींची विक्री ५० सीसीपर्यंतच्या दुचाकींच्या पुढे गेली, आणि २०२५ मध्ये ५० सीसीच्या सुपर कबचं उत्पादनही थांबलं. दुसरं घराणं पहिल्याकडे परत आलं ते असं.

तोक्योतल्या एदोगावा भागात, निशी-कासाईच्या आसपास, २००० सालापासून भारतीय कुटुंबांची वस्ती वाढत गेली. त्यांत पुण्या-मुंबईकडून संगणकाच्या कामासाठी गेलेली मराठी घरंही आहेत. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच एदोगावाच्या वॉर्ड सभेवर निवडून आले. हा भाग सपाट, बराचसा समुद्राच्या भरतीच्या पातळीखालचा. इथे नव्याने राहायला आलेल्याला वाटतं, सपाट जमिनीवर मोटर कशाला? पण आराकावा नदीच्या पुलाचा चढ आहे, खाडीवरून येणारा वारा आहे, आणि मागच्या खुर्चीत झोपी गेलेलं मूल आहे.

अशी सायकल निवडताना मुलं किती आणि केवढी यावरून सुरुवात करावी. दोन लहान मुलं असतील तर २० इंची चाकांना पर्याय नाही. एकट्याने कामावर जायचं आणि सुट्टीत नदीकाठाने कासाई रिन्काई बागेपर्यंत फिरून यायचं असेल तर २६ इंची, दांडा खाली असलेली सायकल बरी. मोठं चाक खड्ड्यांत कमी आदळतं आणि लांब पल्ल्याला अंग कमी दुखतं. ओनोमिचीहून इमाबारीपर्यंत बेटाबेटांवरून जाणाऱ्या सुमारे सत्तर किलोमीटरच्या शिमानामी मार्गावर पुलांवर चढणारे रस्ते तीन टक्क्यांच्या आसपास चढाचे आहेत. तिथे पाय शाबूत ठेवायला मोटर उपयोगी पडते, पण दिवसभराच्या फेरीला बॅटरी बारापेक्षा सोळा अँपिअर-तासांची असलेली बरी. मोटर पायडलपाशी असेल तर गिअरचा फायदा तिलाही मिळतो आणि चढाला ते जाणवतं. ब्रिजस्टोनने पुढच्या चाकात मोटर घालून ब्रेक लावताना बॅटरी भरण्याची सोय केली आहे. सिग्नलोसिग्नली थांबणाऱ्याला ती कामी येते. सीट मात्र पहिल्यांदा खालीच ठेवावी. पूर्ण पाऊल जमिनीला टेकेल एवढी, दिसायला थोडी ओबडधोबड वाटली तरी.

भारतात नियम वेगळा आहे. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग असेल तर परवाना लागत नाही. इथल्या पुष्कळ इलेक्ट्रिक सायकलींना कान पिळायची सोय असते आणि सेन्सर पायडल फिरतंय की नाही एवढंच बघतो, जोर किती ते मोजत नाही. परिणामी थांबलेल्या सायकलीला मदत एक तर उशिरा येते किंवा हिसक्याने. मूल मागे बसवणाऱ्याने पुण्यात अशी सायकल घेताना पौड रस्त्याने चांदणी चौकाकडे चढावं, मध्यावर थांबावं, पाय टेकावा आणि मागे तेवढंच वजन ठेवून पुन्हा निघून बघावं. दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर मारलेल्या फेरीतून काहीच कळत नाही. आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहणाऱ्याने बॅटरी कुलूप काढून वेगळी नेता येते ना, हे पैसे देण्याआधी स्वतःच्या हाताने करून बघावं, कारण तीस किलोची सायकल तीन मजले कुणी रोज चढवत नाही.