चक्का जामातून निघालेला व्हिसा

लक्झेंबर्गला जायचं म्हणून मुंबईत फाइल जमवायला घ्या, हातात पडतो तो शेंगेन व्हिसा. लक्झेंबर्गबरोबर आणखी 28 देशांत चालणारा. आणि शेंगेन हे लक्झेंबर्गमधलंच, मोझेल नदीकाठचं, द्राक्षमळ्यांचं एक खेडं. अर्ध्या युरोपच्या दाराला त्याचं नाव लागलं, त्याचं मूळ मात्र ट्रकवाल्यांच्या वैतागात आहे.

1984 च्या फेब्रुवारीत इटलीच्या कस्टमवाल्यांनी काम अडवून धरलं. सीमेवर खोळंबलेले फ्रेंच ट्रकचालक भडकले आणि त्यांनी चक्का जाम केला. रस्ते तुंबले, माल अडकला. त्याच जुलैत फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांनी झारब्रुकन इथे आपसातली तपासणी सैल करण्याचा करार केला. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांच्यात अशी मोकळीक आधीपासूनच होती. तेही सामील झाले.

सही कुठे करायची? लक्झेंबर्गने शेंगेन सुचवलं, आणि ते सुचणं झकासच होतं. या गावासमोर मोझेलच्या पात्रात फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्गच्या हद्दी मिळतात. त्यात लक्झेंबर्ग आणि जर्मनी यांच्यामधलं पात्र 1816 च्या तहापासून दोघांच्या सामाईक मालकीचं. 14 जून 1985 रोजी ‘प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड’ नावाच्या जहाजावर पाच देशांच्या सह्या झाल्या. सह्या करायला पंतप्रधान कोणी आले नव्हते. आले ते राज्यमंत्री दर्जाचे लोक. समारंभ बेताचाच.

त्या कागदात 33 कलमं होती. त्यातलं मला सगळ्यात आवडतं ते गाडीच्या काचेवरच्या हिरव्या चकतीचं. निदान 8 सेंटिमीटर व्यासाची चकती लावली, की ‘माझ्याकडे करपात्र माल नाही, कागद ठीक आहेत’ असं गाडीवाल्याने स्वतःच सांगितल्यासारखं. मग शिपायाने गाडी न थांबवता, फक्त वेग कमी करायला लावून नजर टाकायची. केवढा हा विश्वास! अर्थात तो आतल्यांसाठी.

कारण आतलं कुंपण काढायचं तर बाहेरचं मजबूत हवं, हा हिशेब त्याच कागदात होता. फ्रान्सने आत घेतलेला माणूस उद्या न विचारता जर्मनीत जाणार, तेव्हा कोणाला घ्यायचं हे दोघांना मिळूनच ठरवावं लागणार. हा तपशील आला तो 19 जून 1990 च्या दुसऱ्या करारात: 142 कलमं, सामाईक व्हिसा, नको असलेल्यांची सामाईक यादी. तो आदल्या डिसेंबरातच व्हायचा होता, पण बर्लिनची भिंत पडली आणि पूर्व जर्मनीचं काय करायचं यावर सह्या लांबल्या. प्रत्यक्ष अंमल सुरू झाला 26 मार्च 1995 ला, सात देशांत. ट्रकवाल्यांची गैरसोय दूर करायला निघालेली गोष्ट अशी आपल्या फाइलीपर्यंत पोहोचली.

ही फाइल जाड होते ती त्याच हिशेबाने. निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा हवा आणि तो 29 ही देशांत चालायला हवा, कारण तुम्ही कुठे आजारी पडाल याचा नेम नाही. अर्ज करायचा तो जिथे मुख्य काम किंवा जास्त मुक्काम त्या देशाकडे. मुक्काम सारखाच असेल, तर पहिलं पाऊल पडेल त्या देशाकडे. लक्झेंबर्गला दोन दिवस आणि पॅरिसला सहा, तर फ्रान्सकडे जा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला, परतीनंतर तीन महिने चालणारा, दोन कोरी पानं असलेला. मोठ्या माणसाची फी जून 2024 पासून 90 युरो. नकार मिळाला तरी ती परत नाही, हे मात्र निव्वळ जुलमाचं वाटतं.

कुठल्याही 180 दिवसांत मुक्काम 90 दिवस, हा हिशेब 2013 पासूनचा. आधी तो पहिल्या प्रवेशापासून सहा महिने असा धरत. एप्रिल 2024 पासून भारतीयांना थोडी सवलत आहे: तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले, तर पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो, त्यानंतर पाचाचा. शिक्क्यांची जागाही ऑक्टोबर 2025 पासून बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊ लागलेत.

आतली मोकळीकही पूर्वीसारखी उरलेली नाही. जर्मनीने सप्टेंबर 2024 मध्ये सगळ्या भूसीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली, लक्झेंबर्गच्या सीमेवरसुद्धा.